काळ्या रानात गाडी पुन्हा पुन्हा रुतते तेव्हा

गेल्या तीन पावसाळ्यांत माझी गाडी एकाच पाणंदीत चार वेळा रुतली. पलूस तालुका, कृष्णाकाठचं काळं रान. डांबरी सोडली की मळ्यापर्यंत जेमतेम साडेचारशे मीटर वाट. गाडी मागच्या चाकांवर चालणारी डिझेल एसयूव्ही, फोर बाय फोर नाही. पहिल्या दोन वेळा ट्रॅक्टरनं ओढून काढली, तिसऱ्या वेळी तीन तास गेले आणि क्लचचा वास आठवडाभर नाकातनं गेला नाही. चौथ्या वेळी पंचवीस मिनिटांत, ट्रॅक्टरशिवाय बाहेर आली. मधल्या काळात गाडी बदलली नाही, टायर बदलले नाहीत. काय बदललं ते लिहितोय. कारण मृग निघाला की आमच्या भागात हीच तक्रार घरोघरी असते, आणि परतीच्या पावसात ऊस वाहतूक सुरू झाली की दुप्पट होते.

पहिल्यांदा रुतलो तेव्हाचं आधी सांगतो. मागचं चाक फिरायला लागलं, गाडी जागची हलेना. मी काय केलं, तर जोरात रेस दिली. चिखल उडून मागच्या उसावर गेला. अजून रेस. गाडी बुडाकडनं बसत चाललीय हे आतनं कळतसुद्धा नव्हतं. बांधावरनं तात्या ओरडत आले, "आरं पाय काढ! पाय काढ आदी! इंजान बंद कर आन् खाली ये." खाली उतरलो तर मागचं चाक निम्मं गायब होतं. तात्या म्हणाले, "चिखलणी केलीस की रं. आता भात लाव हितं."

ही चेष्टा नव्हती, नेमकं निदान होतं. शिराळ्याकडं, पाटणकडं भाताच्या खाचरात चिखलणी करतात ती कशासाठी? पाणी खाली मुरू नये, मातीचा पोत मोडून लोणी व्हावं म्हणून. फिरणारं चाक तेच करतं. आपल्या काळ्या मातीत चिकणमातीचा अंश निम्म्यापर्यंत असतो आणि ती चिकणमाती पाणी पिऊन फुगणाऱ्या जातीची. उन्हाळ्यात हीच माती हातभर खोल भेगाळते, एवढी टणक की पहार वाजते. ओली झाली की भार पेलायची ताकद जवळजवळ संपते. त्यात चाक जागच्या जागी फिरलं, की टायरची नक्षी पहिल्या दोन-तीन फेऱ्यांतच बुजते. त्यानंतर नवीन टायर आणि गुळगुळीत टायर यांत फरक उरत नाही. म्हणून चाक फिरतंय आणि गाडी हलत नाही असं वाटलं की दोन सेकंदांत पाय काढायचा. सगळ्या उपायांत हा एकच फुकटचा आहे आणि नेमका हाच कोणाला जमत नाही.

उतरून काय बघायचं

रुतलेली गाडी बाहेरनं सारखीच दिसते, पण रुतण्याचे प्रकार वेगळे असतात आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. मी आता आधी वाकून गाडीखाली बघतो. पोट आणि जमीन यांच्यात उजेड दिसतो का?

उजेड दिसत असेल तर नशीब चांगलं. फक्त चाकांना पकड नाही, बाकी सगळं मोकळं आहे. उजेड दिसत नसेल तर गाडी पोटावर बसली. उसाच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंच्या चाकोऱ्या खोल केलेल्या असतात, मधला उंचवटा तसाच राहतो. आपल्या गाडीचं पोट जमिनीपासून सात-आठ इंच वर, चाकोरी फूटभर खोल. मग गाडीचं वजन चाकांवर नसतंच, ते त्या उंचवट्यावर असतं. अशा वेळी चाकाखाली दगड घाला, फळ्या घाला, कडब्याची पेंढी घाला, काही होत नाही. मधली माती काढल्याशिवाय सुटका नाही. तिसऱ्या वेळचे माझे तीन तास याच चुकीत गेले. चाकाखाली भरत राहिलो आणि गाडी बसली होती डिफच्या, म्हणजे मागच्या दोन चाकांमधल्या डिफरन्शियलच्या, गोळ्यावर.

तिसरा प्रकार बाजूच्या चरीचा. एक चाक चरीत जातं, तिरकं समोरच्या कोपऱ्यातलं दुसरं चाक हलकं होऊन जवळपास अधांतरी. आतून वाटतं गाडी कलंडणार. सहसा कलंडत नाही, पण सगळी माणसं खाली उतरवायची आणि चरीच्या बाजूला कोणी उभं राहायचं नाही.

आणखी एक गोष्ट बघायची, जी आम्हाला कोणी सांगितली नव्हती. पुढची चाकं सरळ आहेत का? खोल चाकोरीत स्टेअरिंग वळलेलं असलं तरी गाडी सरळच जाते, त्यामुळं हाताला कळत नाही. चाक मात्र चाकोरीच्या भिंतीला आडवं घासत असतं, पाचरीसारखं. काचेतून डोकं बाहेर काढून पुढचं चाक डोळ्यांनी बघायचं आणि सरळ करायचं. चौथ्या वेळी निम्मं काम एवढ्यानंच झालं.

पोट मोकळं असेल तर

आल्या वाटेनं मागं जायचं. पुढं किती चिखल आहे ते माहीत नसतं, मागचा आपण पार करून आलेलो असतो. पुढं "एवढं वीसच फूट राहिलंय" हा विचार ट्रॅक्टरवाल्याचं भाडं काढून देतो.

फावड्यानं प्रत्येक चाकाच्या मागं उतरता चर काढायचा, दोन-अडीच फूट लांब. चाकाला भिंत चढायला लागू नये एवढाच हेतू. चाकाला चिकटलेली माती काठीनं उकरून नक्षी मोकळी करायची. मडगार्डच्या आतसुद्धा बघायचं. तिथं चिखल एवढा ठासून भरतो की चाकालाच ब्रेक लागल्यासारखं होतं.

मग हवा. माझ्या गाडीत एरवी ३३ पीएसआय असते. मी चारही चाकांची २० ते २२ पर्यंत उतरवतो. टायर खाली पसरतो, जमिनीला लागणारा भाग लांबतो, तेवढंच वजन जास्त जागेत वाटलं जातं. वहाणेनं रुतणारा माणूस फळीवर उभा राहिला तर रुतत नाही, तोच प्रकार. १५ च्या खाली जाऊ नका, वळणावर टायर रिंगवरनं निसटू शकतो. आणि हवा उतरवायच्या आधी भरायची सोय गाडीत आहे का ते बघा. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर एका चाकाला पाच-सात मिनिटं घेतो, पण घेतो. कमी हवेवर डांबरीनं पलूस गाठायचा विचारही करू नका.

चाकाखाली काय घालायचं, यावर आमच्याकडं गावागणिक मत आहे. मी करून बघितलेलं सांगतो. गाडीतले रबरी मॅट: निरुपयोगी. काळ्या चिखलात चाक त्यांना गिळतं आणि मागं फेकून देतं, माझा एक मॅट उसाच्या तिसऱ्या सरीत सापडला. सुटं पाचट: तसंच उडून जातं. शिवाय वाळकं पाचट तापलेल्या सायलेन्सरखाली गेलं तर पेट घेऊ शकतं, डिझेल गाडीचा काजळी जाळायचा फिल्टर तर भलताच तापतो. चांगलं काय चालतं? हिरव्या वाड्याच्या, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या, घट्ट बांधलेल्या पेंढ्या, आडव्या टाकलेल्या. आणि अर्धी मुरमानं भरलेली बारदानं. अर्धीच भरायची, म्हणजे ती चाकाखाली चपटी बसतात. दोन सागवानी फळ्या असतील तर प्रश्नच नाही, पण त्यांच्या मागं कुणी उभं राहू नये. चाकाखालनं फळी सुटली तर नडगी फोडते.

आता गाडी चालू. दुसऱ्या किंवा रिव्हर्स गिअरमध्ये, क्लच सावकाश सोडून, रेस अगदी माफक. थोडी मागं हलली की पुढं, परत मागं, पाळण्यासारखी. दर हेलकाव्याला वीतभर जागा वाढते. पाच-सहा हेलकाव्यांत वाढत नसेल तर थांबायचं, परत फावडं. क्लचचा जळका वास आला तर वीस मिनिटं बंद ठेवायचं, चहा मागवायचा. ऑटोमॅटिक गाड्यांत हे हेलकावे जपून, त्यातही दोन क्लचवाल्या ऑटोमॅटिकमध्ये फारच जपून. तो गिअरबॉक्स लवकर तापतो आणि डॅशबोर्डवर दिवा लावून अंग काढून घेतो.

चाकं घसरायला लागली की इंजिनचा जीव जातो, रेस दिली तरी आवाज चढत नाही, असं होत असेल तर ते ट्रॅक्शन कंट्रोल आहे. घसरण थांबवायला ते इंजिनचा जोर कापतं. हायवेवर ते जीव वाचवतं, चिखलात मात्र हेलकावा घेऊ देत नाही. बटण दाबून बंद करा, काही गाड्यांत तीन-चार सेकंद दाबून धरावं लागतं. पण चरीत जाऊन एक चाक अधांतरी फिरत असेल तर उलट ते चालूच ठेवा. फिरत्या चाकाला ते स्वतःच ब्रेक लावतं आणि जोर दुसऱ्या चाकाकडं वळतो.

जुन्या गाड्यांत हे काम हातानं करता येतं. डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो, त्यामुळं लोण्यावरच्या चाकाला जेवढा पेलतो तेवढाच टणक जागेवरच्या चाकालाही मिळतो, म्हणजे जवळपास काहीच नाही. मागच्या चाकांवर चालणाऱ्या आणि ओढायचा हँडब्रेक असलेल्या गाडीत, पहिल्या गिअरमध्ये हँडब्रेक दोन-तीन दात ओढून हळू रेस द्यायची. फिरणाऱ्या चाकाला अडथळा झाला की दुसऱ्यालाही जोर मिळतो. बटणाच्या हँडब्रेकवर हे जमत नाही आणि पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत याचा उपयोगच नाही.

फोर बाय फोरवाल्यांना एकच सांगणं: लो रेंज टाकायचा तो चिखलात शिरायच्या आधी, रुतल्यावर नाही. तात्यांच्या मते फोर बाय फोरचा फायदा एवढाच, की गाडी ट्रॅक्टरपासून अजून लांब जाऊन रुतते.

पोटावर बसली असेल तर

जॅक. पण चिखलात जॅक गाडी उचलत नाही, स्वतः खाली जातो. त्याच्याखाली निदान दीड फूट लांब-रुंद जाड फळी हवी. एका वेळी एकच चाक उचलायचं, त्याच्याखालच्या खड्ड्यात दगड-मुरूम भरून वर पेंढी टाकायची, मग पुढचं चाक. दुसऱ्या बाजूच्या चाकांना अडणी लावायला विसरू नका. मधली माती लांब दांड्याच्या खोऱ्यानं बाजूनं ओढून काढायची. गाडी जॅकवर असताना डोकं, खांदा, हात काहीही खाली घालायचं नाही. ओल्या मातीवरचा जॅक कधी सरकेल याचा नेम नसतो.

सामानही उतरवा. मागं खताची चार पोती होती तेव्हा मी ती तशीच ठेवून खटपट करत होतो. म्हणजे २०० किलो नेमकं रुतलेल्या चाकांवर. पूर्वी बैलगाडी रुतली की पहिलं काम ओझं उतरवायचं, हे सांगायला तात्यांना विशेष आनंद झाला.

ट्रॅक्टर लावायचाच तर

इथं जरा थांबून वाचा, कारण गाडी रुतून कोणी मरत नाही, ओढताना मरतं.

साखळी वापरू नका. साखळीला ताण सोसायला लवचिकपणा नसतो, झटका बसला की कडी तुटते आणि तुकडा काच फोडून आत येतो. रुंद पट्टा किंवा जाड नायलॉनचा दोर घ्या, आठ-दहा मीटर तरी लांब, म्हणजे ट्रॅक्टर टणक जागेवर उभा राहील. दोराच्या मध्यावर ओलं बारदान टाका. दोर तुटलाच तर त्या वजनानं तो खाली पडतो, चाबकासारखा उडत नाही. दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरात माणूस नको. आमच्याकडं गाडी काढायला गेलं की निम्मं गाव बघायला येतं, त्यांना हाकलायला एक माणूस खास ठेवावा लागतो.

गाडीला दोर बांधायचा तो कंपनीनं दिलेल्या हुकाला. तो बऱ्याच गाड्यांत टूलकिटमध्ये सुटा असतो, बंपरवरचं छोटं झाकण काढून पिळायचा. काहींचे आटे उलटे असतात. पूर्ण बसेपर्यंत पिळा, दोन आट्यांवर ओढलात तर हूक उपटून येईल. बंपर, स्टेअरिंगचे दांडे, सस्पेन्शनचे हात यांना दोर नाही म्हणजे नाही. ट्रॅक्टरच्या बाजूनं दोर खालच्या मागच्या हुकालाच लावायचा. वरच्या जोडणीला लावला आणि गाडी हलली नाही, तर ट्रॅक्टर पुढची चाकं उचलून ड्रायव्हरसकट मागं उलटतो.

दोर ताणून घ्यायचा, मग सावकाश ओढायचं. झटका नाही. गाडीत बसलेल्यानंही हलका गिअर देऊन मदत करायची, आणि गाडी सुटली की लगेच ब्रेक न मारता टणक जागेपर्यंत येऊ द्यायची.

बर्फात रुतलेल्या दाजींची गोष्ट

गेल्या हिवाळ्यात दाजी सांगलीहून थेट हिमाचलात गेले, अटल बोगद्याच्या पलीकडं सिस्सूला. तिथं रस्त्याकडेच्या बर्फात गाडी घातली आणि मला फोन, "तुमच्या चिखलाचा अनुभव सांगा." पहिली गोष्ट तीच, पाय काढा. फिरणारं चाक बर्फ वितळवून, घासून काचेसारखा करतं. चाकांमागचा आणि पोटाखालचा बर्फ फावड्यानं काढायचा, इंजिनचा जोर ज्यांना जातो त्या चाकांना साखळ्या लावायच्या, हेलकावे द्यायचे.

पण दोन फरक. बर्फ तुडवला की दबून घट्ट होतो, म्हणून गाडीच्या पुढंमागं पायांनी तुडवून वाट करता येते. काळा चिखल तुडवला की आणखी पातळ होतो. आणि दुसरा जिवाचा: बर्फात सायलेन्सरचं तोंड बुजलं आणि थंडीमुळं काचा लावून हीटरसाठी इंजिन चालू ठेवलं, तर कार्बन मोनॉक्साइड आत शिरतो. त्याला वास नाही, रंग नाही. आधी सायलेन्सर मोकळा करायचा, मगच इंजिन. दाजींनी ते केलं, तासाभरात निघाले, आणि आता आम्हाला बर्फ शिकवतात.

निघाल्यावर

दुसऱ्या वेळी गाडी काढली, वरनं पाणी मारलं आणि पुण्याला निघालो. कराडला हायवेला लागलो, उंब्रजच्या पुढं ८० च्या वर काटा गेला आणि स्टेअरिंग थरथरायला लागलं. मला वाटलं ओढताना एक्सेल वाकला. साताऱ्यात चाक काढल्यावर कळलं, रिंगच्या आतल्या अंगाला ओंजळभर चिखल वाळून दगड झाला होता. तोल गेला होता एवढंच. तेव्हापासून ओला आहे तोवरच रिंगच्या आतून, मडगार्डमधून, रेडिएटरच्या जाळीवरून पाणी मारतो, आणि डांबरीवर आल्यावर दोन-चार वेळा ब्रेक दाबून बघतो.

मुळात गाडी घालायची का

चौथ्या वेळी गाडी काढून झाल्यावर तात्यांनी विचारलं, "रान नांगराय वापसा बघतोस. मग गाडी घालाय का न्हाईस?"

वापसा म्हणजे माती ना चिकट ओली ना कोरडी, मशागतीजोगी. गाडीसाठी तो बघायचं मला सुचलंच नव्हतं. मी बघायचो आकाश. दोन दिवस ऊन पडलं, वरची माती पांढरट दिसली की गाडी घालायचो. वर पोपडा धरलेला असतो, टाचेनं फोडला तर खाली लोणी. आता वाटेच्या तोंडाशी उतरतो, चाकोरीतली वीतभर खोलवरची मूठभर माती घेतो, गोळा वळतो आणि कमरेच्या उंचीवरनं सोडतो. फुटून भुगा झाला तर वापसा आहे, गाडी जाते. गोळा तसाच राहिला तर गाडी डांबरीवर लावतो आणि गमबूट घालून चालत जातो. जतकडच्या मुरमाड रानात पावसानंतर दुसऱ्या दिवशीही गोळा फुटतो, आमच्या काळ्यात चार-पाच दिवस लागतात, हत्तीचा पाऊस लागून पडला तर आठवडासुद्धा. कास-बामणोलीकडच्या तांबड्यात वेगळी गंमत, खाली कातळ असल्यानं गाडी रुतत कमी आणि घसरत जास्त.

वाटेचा इलाजही केला, पण पहिल्यांदा चुकला. चार जणांनी वर्गणी काढून मुरूम टाकला आणि एका पावसात मातीनं तो गिळला. पाणंद दोन्ही बाजूंच्या रानापेक्षा खाली गेलेली, बांध सरकत सरकत चर बुजलेले, म्हणजे पावसाचं आणि पाटाचं पाणी वाटेतच तुंबणार. दुसऱ्या वर्षी आधी दोन्हीकडचे चर उकरले, पाणी आडवं जायला सिमेंटचा नळा टाकला, खाली डबर दाबून मग मुरूम. २०० फूट लांब, १० फूट रुंद, पाऊण फूट जाड, म्हणजे १५ ब्रास (शंभर घनफुटांचा एक ब्रास). तेवढ्या भागात गाडी परत रुतली नाही.

ओढ्याच्या अलीकडचे पन्नास फूट मात्र राहिलेत. तिथं चर कुणाच्या बांधातनं काढायचा यावरनं भावकीत बोलणं बंद आहे, आणि अतिक्रमण हटवायला मामलेदार कोर्ट कायद्याचं कलम ५ लावायला कुणी पुढं होत नाही. त्यामुळं दोन फळ्या, आखूड दांड्याचं फावडं, पट्टा आणि कॉम्प्रेसर अजून माझ्या डिकीतच आहेत.